देठ

मोहाडीच्या पॅकहाउसात पहिल्याच दिवशी
मुकादमीण म्हणाली, मण्याला हात लावायचा नाही.
त्याच्यावरची पांढुरकी धूळ ही धूळ नसते,
बोट लागलं की पुसते आणि परत येत नाही.
घड धरायचा तो देठाला.

बावीस सीझन झाले.
हातात बोथट टोकाची कात्री, डोक्यावर जाळीची टोपी,
बाहेर फेब्रुवारीचं ऊन पत्र्यावर तडतडतंय
आणि आत आम्ही स्वेटर घालून उभ्या.
परदेशातला साहेब आधी देठ बघतो.
हिरवा, तर ताजा.
तपकिरी, तर पेटी बाजूला.
साखर मोजायचं यंत्र त्याच्यानंतर.

हर्षला नाशकाला बी.एस्सी.ला.
सुट्टीत आली की ओट्याशी बसून पाठ करायची:
पेडंकल म्हणजे वृंत, वृंत म्हणजे पेडंकल.
म्हटलं, हे काय गं?
तुझा देठच की, आई.
फुलाला असतो. समुद्रात खडकाला चिकटून राहणाऱ्या
कसल्या कसल्या जिवांना असतो.
शेपटीच्या आधी मासा जिथे एकदम बारीक होतो, तेही पेडंकल.
मेंदूतसुद्धा असतात.
पोळी उलटता उलटता मी म्हटलं,
एवढ्या सगळ्यांत मिळून एकच नाव?
ती म्हणाली, पुस्तकात तसंच आहे.

छाटणीच्या दिवसांत ह्यांना रक्त पडायला लागलं.
बोलले नाहीत. मूळव्याध समजून ताक पीत राहिले
थेट घड भरेपर्यंत.

द्वारकेजवळच्या दवाखान्यात
डॉक्टर गांगुर्ड्यांनी पडद्यावर दाखवलं:
आतड्याच्या गुलाबी भिंतीला एक लाल मणी.
बेंबीच्या देठापासून ओरडावं असं काहीतरी वर आलं,
घशाशी येऊन थांबलं.
हर्षलाची नाळ सहाव्या दिवशी सुकून पडली होती,
तेव्हा वाटलं होतं, झालं, आता तुटायचं असं काही उरलं नाही.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. देठाचा आहे.
बसका असता तर जरा अवघड.
देठाच्याला तारेचा फास टाकता येतो.

मी विचारलं, देठ किती लांब?

ते चष्म्यावरून बघत राहिले.
अर्धा इंच असेल, म्हणाले.

मग पुष्कळ झाला, मी म्हटलं.
आम्ही त्याहून आखूडावर कात्री घालतो.

काढला. बाटलीत घालून पुढे पाठवला.
देठाच्या बुडापर्यंत काही उतरलंय का
ते कळायला आठ दिवस.

चौथ्या दिवशी कामावर गेले.
एक घड आला, मणी काचेसारखे,
देठ मात्र पार तपकिरी.
बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचा होता.
मी तो विचारून घरी आणला.

ह्यांनी एकेक मणी तोडून खाल्ला.
गोड आहे, म्हणाले, उगाच काढला.
ताटलीत देठ तेवढा उरला,
फाट्याफाट्यांचा, वाळका,
घड गेला तरी
घडाएवढीच जागा धरून.