दुसरा अंक, रुवी

शुक्रवारी मंडळाची तालीम, शाळेच्या हॉलमध्ये.
मला आईचं काम दिलंय,
दुसऱ्या अंकात जी भिंतीला कान लावते.
"किती खरं करतेस गं," असनारेकाका म्हणतात,
"कुठून आणतेस?"
मी म्हणते, निरीक्षण.

चिपळूणला मोरीच्या पाइपातून
आईला बायका बोलताना ऐकू यायच्या.
नावानिशी.
त्यातली एक, कुसुम, चहाड्या करायची.
बेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं ते.
येत्या मार्चमध्ये मलाही बेचाळिसावं लागेल.

मस्कतला बारा महिने एसी घुमतो.
रात्री दोनला उठून मी तो बंद करते,
उशी घामाने भिजेपर्यंत ऐकत राहते.
घूं जाते.
खाली काहीतरी उरतं, पुटपुटल्यासारखं.
वरच्या मजल्यावरची नर्स असेल,
रात्रपाळीहून आलेली,
कोट्टयमला फोनवर पोराला रागावणारी.
असेल.

"श्रीरंग, तुला येतंय का ऐकू?"
तो कूस बदलतो.
"हो, येतंय. झोप."

केवढं हलकं वाटतं.
पाठ टेकते, तोवर आठवतं:
बाबाही मोरीच्या दारात, टॉवेल खांद्यावर,
"हो, येतंय" म्हणायचे.
त्यांना सव्वानऊची एसटी गाठायची असायची.