धुरांड्यामागची जागा

मोलेनबर्गच्या चढावरचं लाकडी घर,
पिवळा रंग फ्योर्डच्या बाजूनं सोललेला.
मी टेप घेऊन गेले तेव्हा हाल्वोरनं
हातानंच विचारलं, कॉफी?
मग दुभाष्यानं माझ्यासाठी तेच तोंडानं विचारलं.
मला आधीच कळलं होतं. तरी मी थांबले.

स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत
त्यांना नको होती.
मी म्हटलं, हल्ली सगळ्यांनाच नको असते.
उजेड खेळतो, घर मोठं दिसतं,
हा माझा नेहमीचा पाठ.

टोरुन म्हणाली, तसं नाही.
बटाटे सोलताना काही आठवलं
तर हात पुसायचे, दारापर्यंत जायचं,
दिवा चालू-बंद करायचा,
तो मान वळवेपर्यंत थांबायचं, मग सांगायचं.
तेवढ्यात निम्म्या गोष्टी
सांगण्याजोग्या उरत नाहीत.
एकोणीस वर्षं.
हिशेब तू कर, टेप तुझ्याकडे आहे.

भिंतीलाही कान असतात म्हणे.
असतील. या घरात त्यांचं काय काम?
इथे भिंत म्हणजे
तोंडावर दाबलेला हात.

मग मी पहिल्यांदाच
फर्निचरच्या आधी नजरा आखल्या.
शेगडीपासून दारापर्यंत एक बारीक रेघ,
सिंकपासून सोफ्यापर्यंत दुसरी.
ओटा भिंतीपासून सोडवून मधे आणला,
चिरणाऱ्याची पाठ कुणाकडेच नको.
टेबल गोल. लांबट टेबलाला
आपल्याच रांगेतलं बोलणं दिसत नाही.
वरून लोंबता दिवा मी हौसेनं काढला होता,
टोरुननं खोडला:
चेहऱ्यांच्या मधे ही तांब्याची घंटा कशाला?
ऑक्टोबरात तीनच्या कललेल्या उन्हात
खिडकीकडे पाठ करून बसणारा
नुसता काळा पुठ्ठा होतो,
म्हणून बाक तिथून हलवलं.
भिंती पांढऱ्या नकोत, पारव्याच्या निळ्या-करड्या,
म्हणजे हात उठून दिसतात.
जमीन लाकडाची, खाली फोम नाही,
इकडे टाच आपटली
की तिकडे तळव्याला कळावी.

राहिलं धुरांडं.
विटांचं, वर तीन मजले गेलेलं,
नेमकं मधोमध, न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
माझ्या सगळ्या रेघा त्याला अडखळून मोडत.
पाडायचं तर टेकू, लोखंडी तुळई,
नगरपालिकेची परवानगी,
आणि दोन लाख क्रोनर.
आकडा पाहून हाल्वोर गप्प झाला,
म्हणजे हात मांडीवर ठेवले त्यानं.
मग एक हात उचलून म्हणाला, पाडू.

सिग्ने जिन्यावर बसून बघत होती. वय चौदा.
ती खाली आली, माझी पेन्सिल घेतली,
आणि धुरांड्याच्या मागे
एक खुर्ची काढली. एकच.
शेजारी लिहिलं,
फोनवर मैत्रिणीशी बोलते तेव्हा
आईला सगळं दिसतं.

टोरुन हसली. मग विचारलं,
असं बोलतेस तरी काय?
सिग्नेनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

धुरांडं राहिलं.
मी वाकड्या रेघा पुन्हा आखल्या,
दोन मोडल्या त्या मोडल्याच.

मार्चमध्ये त्यांनी जेवायला बोलावलं, माशाचं सूप.
दुभाषी नव्हता.
मला येत होते मोजून बारा शब्द,
त्यातला एक 'खिळा'.
दूध उतू चाललं तशी टोरुननं टाच आपटली.
मला आवाज आला,
आणि मी छताकडे पाहिलं.
बाकी दोघांनी तिच्याकडे.

जेवण झालं. सिग्ने उठून मागे गेली.
थोड्या वेळानं निळ्या-करड्या भिंतीवर
एका कोपराची सावली, भरभर,
काहीतरी रंगवून सांगत असलेली.
टोरुननं ती पाहिली.
मी इतक्या खटपटीनं टाळलेली पाठ
तिनं आपणहून फिरवली,
आणि धुतलेलीच वाटी
पुन्हा धुवायला घेतली.