उलट्या बाजूने

सेंलुईत, पुलाच्या अलीकडे, आमचं दुकान.
पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत,
बारशा-लग्नाचे अल्बम, कॅनव्हासवर छपाई,
आणि मागच्या खोलीत सोखना,
माझी थोरली बहीण, काचेवर चित्रं काढते.
पाटीवर तिचं नाव नाही.
जागा पुरली नाही, असं मी सांगतो.

मंगळवारी बिराम आला.
तडा गेलेला फोन, त्यात एकच फोटो: त्याची नाव.
सूर्य नेमका मागे, म्हणून ती नुसती काळी,
वाळूवर कोळशाने ओढलेली रेघ.
"मोठा करून द्या," म्हणाला,
"काल मोडीत काढली तिला.
फळ्या सुताराच्या खुराड्यावर जातील."

होईल, म्हणालो.
धंद्यात 'होईल' आधी म्हणायचं, मग बघायचं.
उजेड वाढवला, सावली उपसत गेलो,
जितकी उपसली तितके दाणे वर आले,
राखाडी, जांभळट.
यंत्राने कण्हत पहिला कागद दिला:
किरमिजी शाई संपलेली, आभाळ हिरवं.
दुसरा दिला: नावेच्या जागी नावेएवढं भोक.
तिसऱ्याचेही पैसे लावले असते मी,
पण बिराम त्या कागदांकडे बघत होता
जसं दुसऱ्याच्या मुलाकडे बघतात,
कौतुकाने, हात न लावता.

पडदा सारून सोखना आली, चहाचा पेला घेऊन.
"हा दुसरा. पहिला कडू होता, तो संपला."
मग टेबलावर एक कोरी काच ठेवली.
"कागदावर आधी आभाळ, मग नाव, मग नावेचं नाव.
माझं उलटं. काचेच्या पाठीवर काढते मी.
जे पहिलं लावीन ते कायम सगळ्यांच्या पुढे राहतं,
मागून कितीही रंग आला तरी झाकलं जात नाही.
तर सांग. पहिलं काय?"

बिरामने टोपी काढली, पुन्हा घातली.
बाहेर घोडागाडीवाला कुणाला तरी शिव्या देत होता.
मला वाटलं, नाव सांगेल, माम पेन्दा, आजीचं,
किंवा पुढचा रंगवलेला डोळा,
किंवा ते पिवळे-हिरवे पट्टे, ज्यांवर इथल्या प्रत्येकाचा जीव.
"नाळेवर," तो म्हणाला, "डाव्या अंगाला, एक खोच आहे.
धक्क्याला घासली होती.
सुकाणू त्या दिवशी धाकट्याच्या हातात होतं.
नको नको ते बोललो मी त्याला."

धाकटा आता कुठे असतो,
आम्ही विचारलं नाही.

सोखनाने सगळ्यात बारीक कुंचला घेतला.
नखाएवढी एक रेघ, पांढरी,
आणि कुंचला धुऊन ठेवला.
दिवसभर कोऱ्या काचेवर तेवढंच:
खोच, आणि जिला ती पडली ती अजून नाहीच.
गिऱ्हाइकं विचारायची, काच तडकली का?

मग डोळा. मग नाव, उजवीकडून डावीकडे,
आरशात बघून वाचावं असं.
मग पट्टे. मग फळ्या.
या दिवसांत वाळवंटाकडून धूळ येते,
ओल्या रंगात बसते.
ती चिमट्याने कण काढायची, काही राहू द्यायची.
कोणते, ते मला कळलं नाही.

रविवारी बिराम आला तेव्हा फक्त मागचं उरलेलं.
"काय भरू? निळं? की पहाटेचं तांबूस?"
त्याने काच उचलली, दारात गेला,
नदीसमोर धरली.
नावेमागे पाणी हललं.
पुलावरून एक पिवळी टॅक्सी आली,
नाळेतून शिरली, सुकाणूपाशी बाहेर पडली.
बादलीवाली एक बाई थांबली, चालू लागली.
"राहू दे," तो म्हणाला.

अर्धवट चित्राचे... मी सुरू केलं.
सोखनाने बघितलं. मी गप्प.
त्याने पुरते पैसे मोजले, काच छातीशी धरून गेला,
रंगाची बाजू आत.

भोकाचा कागद मी फेकला नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहितो,
काळं खालून वर झिरपतं, आकडे नीट दिसत नाहीत.
काल शिडी लावून पाटी मोजली.
माझी अक्षरं थोडी आवळली
तर बसेल.