खर्जाचं वजन

पेटी विकली.
एक्केचाळीस किलो, पंधरा इंची स्पीकर,
वरच्या कोपऱ्यावर बिअरच्या ग्लासाचं गोल वळ,
अल्फॉन्सने उमटवलेलं. मी पुसलं नाही, तोही विसरला.

डॉक्टरीण म्हणाली, पाठ किंवा पेटी, एक काय ते ठरव.
म्हटलं, विचार करून सांगते.
तिला वाटलं, थट्टा करतेय.

न्यायला न्यू वॉटरफर्डचा पोरगा आला, कॅलम.
सतरा वर्षांचा. मिशी यावं की नको या विचारात.
दीडशे डॉलर ठरले होते, खिशातून एकशेवीस निघाले,
उरलेल्या तिसांचं त्याने इतकं मनाला लावून घेतलं
की मीच दहा परत दिले, आईच्या गाडीच्या पेट्रोलला.
मग त्याने ती एकट्याने उचलली.
तळघराच्या अकरा पायऱ्या, एका दमात.
खरं सांगते, राग आला.
त्याच पायऱ्यांवर मी आणि ब्लेझ
बावीस वर्षं, दर शनिवारी,
उलटं कोण चालणार यावरून भांडलोय.

नवा अँप डब्याएवढा.
नेतेही डब्याच्याच पिशवीत,
मासळीच्या कारखान्यात सँडविच न्यायचे, त्या.
जोडीला एक चिमुकला स्पीकर, लेकरासारखा काखेत मावणारा.
आवाज स्वच्छ. इतका स्वच्छ
की डाव्या करंगळीची चूक
आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकू आली.

बास मात्र तोच. ताराही त्याच,
चपट्या, गुळगुळीत, एकोणीस वर्षं न बदललेल्या.
दुकानदार म्हणतो, मेल्यात.
मी म्हणते, मुरल्यात.

काल अग्निशमन दलाचा हॉल.
शार्लीन आणि हेक्टरच्या लग्नाला पन्नास वर्षं.
बाहेर उणे सोळा. गाडीतून उतरल्यावर अर्धा तास
बोटं काखेत.
माणशी साठ डॉलर आणि मीटपायची प्लेट.
रॅफल होईस्तोवर कुणी नाचत नाही, हा इथला कायदा.
हॅम ब्लेझलाच लागलं. लोक काय बोलले
ते इथे लिहीत नाही.

पहिल्या वॉल्ट्झला जाड तार छेडली, खर्ज लावला.
पूर्वी खर्ज लावला की पँटचा उजवा पाय फडफडायचा,
तेवढ्यावरून कळायचं, मी वाजतेय.
काल पाय नुसता लोंबत राहिला.
दोनदा खाली वाकून पाहिलं. वायर आत, दिवा हिरवा.

आणि अल्फॉन्स धावत सुटला.
तीन मात्रांचं काम अडीचमध्ये उरकत,
शार्लीनबाईंची दमछाक.
त्याचा डावा कान खाणीतच राहिला,
उजवा नावापुरता.
गाणं संपल्यावर काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला,
"मर्डीना, आज आहेस ना तू?"

मी समजत होते, इतकी वर्षं तो मला ऐकतोय.
तो फळ्यांतून, स्टुलातून,
सरळ बुडाने ठेका घेत होता.

मध्यंतरात छोटा स्पीकर उचलला
आणि त्याच्या स्टुलाला टेकवला, तोंड त्याच्याकडे.
छेडली तार.
तो थांबला. मान हलवली.
"हां. आता आहेस."

पुढचा सगळा वेळ मला स्वतःचं काही ऐकू आलं नाही.
त्याचा खांदा बघत वाजवलं.
करंगळी चुकली असेल. चुकलीच असणार.

रात्री एक वाजता कॅलमचा मेसेज:
पेटीत काहीतरी खडखडतंय, सगळ्यात जाड तारेला.
फोडून बघू का?

ते पंचवीस सेंटचं नाणं. ब्लेझ पैज हरला,
आणि द्यायचं जिवावर आलं म्हणून
पेटीच्या भोकातून आत टाकलं.
लिहिलं: फोडू नकोस.
खर्ज नीट लागला तरच ते वाजतं.

उत्तर आलं नाही.
वाजवत असेल.
किंवा आई उठली असेल.