अठ्ठावीस वेढे

तबस्सुम बागवान, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष,
दुकानात शिरली ती थेट म्हणाली,
काका, अठ्ठावीस वेढे. मोजून द्या.
मंगळवार पेठेत मोटारी भरतोय मी मिशी काळी होती तेव्हापासून,
बोअरचे पंप, पिठाच्या गिरण्या, मंगल कार्यालयांचे पंखे,
"मोजून" असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

ताटाएवढी एक गुंडाळी प्लायवूडवर,
बशीएवढी दुसरी, गाडीच्या पोटाखाली.
गाडी जुन्या बाजारातली, रविवारची,
एका चाकाला रबर नाही, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी.
सेल कुठे बसणार, मी विचारलं.
नाहीच बसणार.
वीज खालून येईल. हवेतून.
मी जन्मभर शॉक खाल्लेला माणूस,
दोन पावलं मागे सरलो.

सिग्नलचं तसं नाही, ती म्हणाली,
त्याला सतरा सेंटिमीटर तार पुरते,
नागझरीच्या पुलावर उभी राहून इथली चाकं फिरवीन.

फिरली नाहीत. तीन संध्याकाळी नाही.
दोन ट्रान्झिस्टर जळाले. तो वास
माझ्या शर्टाला कायमचाच, तिच्या ओढणीला नवा.
तपकीर गल्लीतून ती कपॅसिटर आणायची,
पुडीत, बडीशेपेसारखे,
एक काढायची, दुसरा लावायची, ओठ हलवत आकडे म्हणायची.
गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती.
साडेसातला आली, आणि
गाडीच्या कपाळावरचा दिवा आधी मिणमिणला,
मग असा लागला
की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.

प्लायवूडवर गोल, गोल.
मग कडेवरून उतरली,
फरशीवर वीतभर गेली आणि गप्प.
तबस्सुम बटण दाबतेय. पुढे. पुढे.
सिग्नल पोचत नाही का गं?
पोचतोय की. पुलापर्यंत जातो, हे तर हातभर.
पण काका, ऐकायलासुद्धा थोडी वीज लागते.
तीच संपली.

पक्कड माझ्या हातातच राहिली.

ससूनचा वॉर्ड. यमाजी, माझा भागीदार, डावं अंग गेलेलं.
पैशावरून आमचं फाटलेलं होतं.
दारातूनच हाका मारल्या मी, चार की पाच.
तो वरच्या पंख्याकडे बघत राहिला
(तो पंखाही आम्हीच भरलेला असणार, आवाजावरून),
आणि मी म्हटलं, अजून राग आहे.
आल्या पावली जिना उतरलो.
पलंग आठ पावलांवर होता.

तिनं खडूनं फरशीवर वर्तुळ काढलं.
इथपर्यंत गाडी जिवंत. परीक्षकांना सरळ सांगेन.
मजुरी विचारली. म्हटलं, आधी वेढे मोज.
तिनं खरंच मोजले, नखानं, एकेक.
सत्तावीस.
तरीच, म्हणाली, आणि इतकी हसली
की मलाही हसावं लागलं.

गाडी पिशवीत घालून ती गेली.
पोऱ्या झाडायला आला, वर्तुळ पुसायला निघाला,
त्याला म्हटलं, तेवढं सोडून झाड.
यमाजी आता मुलाकडे असतो, हडपसरला.
नंबर आहे माझ्याकडे. फोन नको.
उद्या दुकान दुपारपर्यंत बंद,
पाटीवर लिही, म्हटलं, मोठ्या अक्षरात.