अर्धा नंबर मोठा

"पाय संध्याकाळी मापायचा, सिस्टर,
सकाळचा पाय खोटं बोलतो,"
अंबाजोगाईच्या मंडी बाजारात
शटर अर्धं उचलून इलियासभाई म्हणाले.
मी म्हटलं, भाई, नाइट उतरून आलेय,
बारा तास बाळंतिणींच्या वॉर्डात उभी होते,
माझी संध्याकाळ ही आत्ताच.

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलं,
कानामागची पेन्सिल काढली,
टाचा भिंतीला टेकवायला लावून
दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली.
उजवं डाव्यापेक्षा पाच मिलिमीटर मोठं.
एक्केचाळीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
"मोठ्याचं ऐकायचं," भाई म्हणाले,
"धाकटं मोज्यात निभावून नेतं."

पहिला जोड मी रंग बघून घेतला होता.
मोरपंखी. लेडीज. अगदी बेताचा.
घाटनांदूरच्या रस्त्यावर बत्तिसाव्या किलोमीटरला
त्यानं माझी दोन नखं घेतली,
आधी जांभळी, मग काळी,
मग एका दुपारी मोज्यातून गळून पडली
भुईमुगाच्या टरफलासारखी.
पंचमीला मेंदी लावताना नणंद ओरडली,
मीच तिला पाणी दिलं.

गावात बायकांच्या बुटात माझा नंबर येत नाही.
साडेसहाच्या पायाला पुरुषांचा सात,
पुढं अंगठ्याभर जागा,
पंजा ऐसपैस,
टाच मात्र बाळंतिणीच्या पोटपट्ट्यासारखी घट्ट.
रंग राखी. रंगाचं मी आता विचारत नाही.

सराव सांगण्यासारखा नाही.
आठवड्यात चार दिवस, ड्युटी बघून.
शनिवारी लांब,
रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा लांब;
त्या 'पुन्हा'साठीच सगळं.
पळताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवायचा.
बोलायला सोबत कुणी नसतं
म्हणून मी रात्रीच्या बाळांची वजनं म्हणते:
दोन आठशे, तीन शंभर, एक नऊशे.
एक नऊशेला पाय जरा मंदावतात.

श्रावणात पांदीनं गेले की
काळी माती तळव्याला धरते,
पाचव्या पावलाला बूट शेराचा,
दहाव्याला अडीच शेराचा.
सोयाबीन खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून विचारतात,
"कुठं पळायलीस गं बाई? कोण लागलंय मागं?"
मी काडीनं तळवा खरवडत म्हणते,
शंभर किलोमीटर आहे, डिसेंबरात.
"अन् मग?"
मग काही नाही.
त्या एकमेकींकडं बघतात.
एक जण खुरपं पुढं करते, "घे, यानं निघंल."

दसऱ्यानंतर परळीला जाऊन परत.
घाट उतरताना उजव्या करंगळीनं
बोलायला सुरुवात केली, मग ओरडायला.
एवढं मापून, एवढं विचारून घेतलेला बूट!
टपरीवरच्या पोराकडून मी लिंबाचा चाकू मागून घेतला
आणि साडेसात हजारांच्या बुटाला
दोन बोटं चीर दिली.
पोरगं उकळता चहा विसरून बघत राहिलं.
करंगळी बाहेर आली,
लाल, चुरमडलेली, ओली.
सवयीनं मी घड्याळ पाहिलं:
सात वाजून चाळीस मिनिटं.

मग परत वर, अख्खा घाट,
चिरेतून वारा आत येत होता.

सोमवारी बूट भाईंच्या पुढ्यात ठेवला, मान खाली घालून.
त्यांनी चिरेत बोट घालून पाहिलं,
चष्मा कपाळावर चढवला, रागावले नाहीत.
कडेनं मेणदोऱ्याची बारीक टीप घातली,
पुढं उसवू नये म्हणून.
वीस रुपये घेतले.
कॅलेंडरचं ते पान अजून खिळ्याला होतं.
मी बूट चढवेस्तोवर
उजव्या करंगळीपाशी त्यांनी
पेन्सिलीची रेघ थोडी बाहेर नेली.