ते

दवाखान्यातून आले तेव्हा दार तिनंच उघडलं.
म्हणजे उघडलं आत्यानं, पण कडीवर हात हिचा,
आणि तो हात पाच दिवसांपूर्वी
एवढा नव्हता.
पाऊलही. कान तर अगदी बाईमाणसाचे.
दुपट्यातल्या पावणेतीन किलोंशेजारी
माझी अडीच वर्षांची शाल्मली
एकदम कुणाची तरी मोठी मुलगी दिसायला लागली
आणि मी चपला काढता काढता रडले.
दिगंबरला वाटलं, टाके दुखतायत.
टाकेही दुखत होते.

"ते काय आहे?"
बाळ आहे.
"ते कुणाचं?"
आपलं.
"मग ते परत कधी द्यायचं?"

कन्नमवार नगर, तिसरा मजला, जिना.
पाणी पाच चाळीसला येतं, साडेसहाला जातं.
ते त्याच्या आधी उठतं, शाल्मली त्याच्या नंतर,
मधल्या फटीत पिंप, दोन बादल्या,
आणि दिगंबरचा उभ्या उभ्या चहा.
गॅलरीतल्या दोरीवर चौदा लंगोट, एक फ्रॉक.
फ्रॉक मधोमध. कडेला लावला तर
ती खाली बसून घेते, मोरीच्या दारातच.

"आई, उचल."
टाके आहेत गं.
"टाके म्हणजे?"
शिवलंय मला.
बराच वेळ बघत राहिली.
तिला बहुतेक आठवला असावा नाक्यावरचा चेनवाला,
दप्तरं, पर्सा, छत्र्या शिवणारा.
"तू फाटली होतीस?"
थोडीशी.
"ते आलं म्हणून?"
त्या दिवशी तिच्या भातावर
मी तूप जरा जास्तच वाढलं.

गजराबाई दहाला येतात, पाय लांब करून बसतात,
पायांवर ते, तेलात माखलेलं, बेंबीपासून किंचाळणारं.
मग शाल्मली आपले कपडे आपणच काढून
रांगेत उभी. "आता मला."
"ह्या घोडीला कुठं मावू देऊ गं पायावर,"
म्हणतात, आणि चोळतात तिलाही,
दोन पोरींचे पैसे मात्र घेत नाहीत.
ओव्याच्या धुरीत ती डोळे मिटून उभी राहते
कुणीतरी ओवाळत असल्यासारखी.

मंगळवारची दुपार सांगणार नव्हते.
त्याच्या गालावर चार नखं होती, बारीक, लाल,
चंद्रकोरीसारखी, असं आता सुचतंय.
तेव्हा काही सुचलं नाही. मी तिला मारलं.
पाठीत. आवाज झाला तेवढा.
ती रडली नाही.
पलंगाखाली गेली, डिंकाचा लाडू घेऊन,
आणि तिथून संध्याकाळपर्यंत
फक्त चघळण्याचा आवाज येत राहिला.
दिगंबर आल्यावर त्याला सांगितलं
गालावर मच्छर चावला म्हणून.
पाठीचं सांगितलंच नाही.

बारसं अजून व्हायचंय.
नावावरून सासूबाई आणि नणंदेचं फोनवर चालू आहे,
मला विचारतात तेव्हा मी हो म्हणते,
दोन्ही नावांना.
तोवर सगळेच म्हणतो, ते उठलं, ते शी करतंय,
त्याचा ढेकर निघाला का?

काल रात्री तीनला, की साडेतीनला,
कानात रडणं येत होतं आणि अंगात उठणं नव्हतं.
झोळी हुकाला करकरत होती.
शेजारून, अंधारातून, अगदी रोजच्या आवाजात:
"आई, ती उठलीय."

कुणी शिकवलं नव्हतं.
मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं,
अजून एकदा म्हणते का बघू.
नाही म्हणाली.
पण झोळीची करकर वाढली,
हात लांब करून चाचपलं तर
दोरी माझ्या हाताशी नव्हती,
तिच्या मुठीत होती,
दोन्ही पाय भिंतीला लावून ती ओढत होती,
फार जोरात.

हळू, म्हटलं.
पाणी यायला अजून दोन तास होते.